डोळ्यांना दिसते, त्याच्या पुढचे

"अजून झालेली नाही, इथे बोट लावून बघा," असे म्हणत सुतारकाकांनी आज टेबलाची फळी माझ्यापुढे सरकवली. मला तर ती केव्हाच गुळगुळीत झालेली दिसत होती.

बोट फिरवले, तेव्हा लाकडाच्या रेषांना आडवा गेलेला एक बारीक ओरखडा खरोखरच हाताला लागला. 80 नंबरच्या भरड पॉलिश पेपरने पडलेले असे ओरखडे आधी 120च्या आणि मग 220च्या, म्हणजे अधिकाधिक बारीक पेपरने घासून काढावे लागतात. मधला पेपर गाळला, तर पॉलिशचा हात फिरताच ते उठून दिसतात.

2013 साली स्वीडनमधील केटीएच या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांना आढळले, की केवळ 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक माणसाला बोट फिरवून ओळखता येतो. आपला केस याच्या हजारो पट जाड असतो!

एवढी सूक्ष्म जाण हाताशी असूनही आपण गुळगुळीतपणा नुसत्या चकाकीवरून ठरवतो आणि घाईने चढवलेल्या पॉलिशला चांगले काम समजतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. लाकडी वस्तू घेताना तुम्ही तिच्यावरून हात फिरवून पाहता का?