पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी

१ जून २०२२. सिंधुदुर्गातल्या एका वाडीत भावकीचं भांडण पेटल्याचा फोन आला. शिमगा आटोपून घराला कुलूप लावून मुंबईला गेलेले एक चाकरमानी दोन महिन्यांनी परतले, तर दाराला भलतंच कुलूप आणि आत चुलतभावाचं सामान. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात कोयता निघाला होता. तो आधी काढून घेतला.

"साहेब, घर सील करा. मग कोणीच आत जायला नको," चाकरमानी काकुळतीला आले होते. मलाही तेच सुचलं होतं. माझे हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, जागेला आपलं सील चालत नाही." खरंच होतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली पोलिसांना स्थावर मालमत्ता जप्त करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्येच सांगितलं होतं, तेही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात. गृहअतिक्रमणाचा गुन्हा नोंदवता येत होता, पण तेवढ्याने घर परत मिळत नाही.

वाट होती ती त्याच संहितेतल्या कलम १४५ ची, तहसीलदारांकडची. तिथे मालकी कोणाची हे बघत नाहीत, ताबा कोणाचा हे बघतात. ज्याला जबरदस्तीने बाहेर काढलं, त्याचाच ताबा धरता येतो; मात्र पोलिसांचा अहवाल पोचण्याआधीच्या दोन महिन्यांतलीच घटना हवी. म्हणजे कुलूप फुटलं कधी, यावर सगळं अडलेलं.

चुलतभाऊ म्हणे, शिमग्यापासून मी इथेच आहे. शेजारच्या काकी पडवीत गप्प बसून होत्या. दोन्ही घरांशी रोजचं येणं-जाणं, त्या कशाला बोलतील? मी पायरीवर बसलो, पाणी मागितलं. तांब्या देताना त्या म्हणाल्या, "सायबानू, पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाक फोडल्यानी. मीया बघलंय."

पाडवा २ एप्रिलला होता. हातात दोनच दिवस उरले होते.

पंचनामा केला, काकींचा जबाब घेतला, तिथेच बसून अहवाल लिहिला आणि कार्यालय बंद व्हायच्या आत तहसीलदारांच्या टेबलावर ठेवून पोच घेतली. पुढे त्यांनीच कलम १४६ खाली घर जप्त केलं. चावी सरकारी कपाटात गेली.

निकाल लागेपर्यंत चतुर्थी आली. बंदोबस्ताच्या फेरीत त्या वाडीत उतरलो. चाकरमान्यांचा गणपती त्या वर्षी काकींच्या पडवीत बसला होता. वहिनींनी हातावर मोदक ठेवला. समोर त्यांच्याच घराच्या दारावर तहसीलदारांचं सील होतं.