कलासंस्थेचं मंडळ दप्तरी लावताना : आमचा अनुभव

लाकडी खेळणी करणारे आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पारंपरिक खेळायचे पत्ते, रंगवणारे कारागीर, त्यांच्यासाठी सावंतवाडी परिसरात चालणारी आमची छोटी संस्था. पगारी माणूस एकही नाही. मंडळावर नऊ जण, सगळे स्वयंसेवक, त्यातले तिघे स्वतः कारागीर. नव्या मंडळाने बँकेत सह्या बदलायला अर्ज दिला तेव्हा बँकेने परिशिष्ट 1 चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदवहीचा, ताजा उतारा मागितला. उतारा काढला तर धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी 2008 चंच मंडळ. 2013, 2018 आणि 2023 अशा तीन निवडणुका झाल्या होत्या, पण एकीचाही बदल अर्ज दाखल नव्हता.

हे फार संस्थांच्या बाबतीत होतं. मनं चांगली असतात, कामही चांगलं असतं, पण कागद लावायला कोणी बसत नाही. मग अनुदानाचा अर्ज अडतो, आयकराची नोंदणी अडते, आणि शेवटी ज्या कारागिराचा माल विकला त्याचे पैसे चुकते करायलाही चेकवर सही कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून आम्ही जे केलं ते क्रमाने लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्रात अशी संस्था बहुतेक वेळा दोन कायद्यांखाली नोंदलेली असते : संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950. पहिल्याखाली किमान सात जण लागतात. दुसऱ्याखाली जो नंबर मिळतो त्याच्याआधी ‘एफ’ अक्षर असतं. दोन्ही प्रमाणपत्रं एकाच फाइलमध्ये, मूळ आणि झेरॉक्स वेगळ्या कप्प्यात ठेवा. आमची मूळ घटना, म्हणजे नियमावली, सापडायलाच तीन आठवडे गेले. सापडली नाही तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कल मिळते. ती आधी काढा आणि मगच पुढचं पाऊल टाका, कारण सभेची नोटीस किती दिवसांची, गणपूर्ती किती, मंडळाची मुदत किती, हे सगळं त्या घटनेतूनच ठरतं. तोंडी चालत आलेली पद्धत आणि छापील घटना यांत आमच्याकडे दोन ठिकाणी फरक निघाला.

विश्वस्त, म्हणजे मंडळावरची माणसं, बदलले, पत्ता बदलला, मालमत्ता आली किंवा गेली, की विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांच्या आत परिशिष्ट 3 च्या नमुन्यात बदल कळवायचा असतो. बोलताना सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. तीन निवडणुका राहिल्या असतील तर तिन्ही एका अर्जात कोंबता येत नाहीत. दप्तरी 2008 ची नावं आहेत, म्हणून आधी 2008 ते 2013 चा बदल, मग 2013 ते 2018 चा, मग 2018 ते 2023 चा. पायऱ्या सोडून वर चढता येत नाही. शेवटचा एकच अर्ज दिला तर पहिला प्रश्न येतो : यांना निवडणारी सभा बोलावली कोणी, आणि बोलावणाऱ्यांना तो अधिकार कुठून आला?

उशीर झालेल्या प्रत्येक अर्जासोबत विलंब माफीचा अर्ज लागतो. कारण खरं आणि तारखांसह लिहा. ‘माहिती नव्हती’ एवढ्याने भागत नाही. तेव्हाचे सचिव कधी आजारी पडले, दप्तर कोणाकडे होतं, नव्या मंडळाच्या हाती ते कधी आलं, हे मांडा. विलंब माफ झाला तरी खर्चाची रक्कम भरायला सांगितली जाऊ शकते, आणि ती बदल कळवणाऱ्या विश्वस्ताने भरायची असते. हे आधीच मंडळात बोलून घ्या, म्हणजे अर्जावर सही करणाऱ्या माणसाला नंतर एकटं वाटत नाही.

प्रत्येक अर्जाला आम्ही जोडलेले कागद असे : सभेची नोटीस व विषयपत्रिका, नोटीस बजावल्याचा पुरावा, सह्यांचा हजेरीपट, इतिवृत्ताची नक्कल, निवडीचा ठराव सूचक-अनुमोदकाच्या नावासह, नव्या प्रत्येक विश्वस्ताचं संमतीपत्र आणि ओळखपत्र, गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले, परिशिष्ट 1 चा उतारा, घटनेची नक्कल आणि प्रतिज्ञापत्र. माजी विश्वस्तांची ना हरकत पत्रं मिळाली तर जोडाच. 2013 च्या मंडळातल्या दोघांचे मृत्यूचे दाखले मिळवणं हे सगळ्यात नाजूक काम होतं. त्या घरांत ओळखीची माणसं स्वतः गेली, फोनवर कोणी मागितले नाहीत.

चुका बहुतेक करून नोटिशीत होतात. आमच्या घटनेत ‘पूर्ण 15 दिवसांची नोटीस’ असं आहे. पूर्ण दिवस मोजताना नोटीस निघाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरायचे नाहीत. सभा 31 तारखेला असेल तर नोटीस 15 ला किंवा त्याआधी निघायला हवी. 16 ला निघाली की मधले दिवस 14 च भरतात, आणि हरकत घेणाऱ्याला तेवढं पुरतं. नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका, पण घटनेत पोस्ट किंवा हातपोच लिहिलं असेल तर पुरावा त्याचाच ठेवा. आम्ही एक लांब वही केली : नाव, तारीख, नोटीस पोचल्याची सही. गावात राहणाऱ्यांना हातपोच, मुंबई-पुण्याच्या सभासदांना तेव्हा रजिस्टर पोस्टाने पाठवली. पावत्या एका कागदावर चिकटवून त्याची झेरॉक्स अर्जाला.

गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा, ही पद्धत सर्रास आहे. पण घटनेत तशी तरतूद असेल आणि मूळ नोटिशीत तसं लिहिलेलं असेल, तरच ती टिकते.

दुसरी चूक सभासद यादीची. संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेली आहे, त्याला मताचा हक्क नसतो आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. आमच्या यादीत नावं होती 64, वर्गणी चालू असलेले 41. सभेआधी महिनाभर थकबाकीची पत्रं पाठवली, ज्यांनी भरली त्यांच्या पावत्यांचे नंबर यादीत लिहिले, आणि सभेच्या दिवशी ती यादी दाराशी लावली. कारागीर सभासदांची वर्गणी परस्पर त्यांच्या विक्रीतून वळती करू नका. त्यांच्या हातून ती भरून घ्या आणि पावती त्यांच्या हातात द्या. मताचा हक्क त्या पावतीत आहे.

मुदत संपलेल्या मंडळात कोणीच उरलं नसेल आणि सभा बोलवायला अधिकारी माणूस नसेल, तर विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41-अ खाली धर्मादाय कार्यालयाकडे निर्देश मागण्याचा मार्ग आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही, कारण जुने खजिनदार हयात होते आणि सही करायला तयार होते. अशा माणसाचा मान ठेवा.

अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत कागदांसह कार्यालयात द्यायची. दाखल करताना प्रत्येक पानावर क्रमांक आणि पुढे अनुक्रमणिका. नावांच्या बदलात आधी तात्पुरती मान्यता देऊन हरकतींसाठी 30 दिवसांची नोटीस काढता येते. हरकत आली तर चौकशी लागते, साक्षी होतात. निकाल लागला की काम संपलं असं नाही : परिशिष्ट 1 ला नोंद चढली का ते पाहा आणि नव्या उताऱ्याच्या दोन नकला काढा.

या सगळ्या काळात बँकेतली जुनी सहीच चालू राहते. म्हणून तिघांपैकी कोणत्याही दोघांची सही अशी सोय ठेवा आणि तिघांनीही एकाच वेळी पद सोडू नये हे घटनेच्या बाहेर, पण मंडळात एकमताने ठरवून घ्या.

आता मालाबद्दल, कारण स्वयंसेवकांच्या हातून कारागिराचं नुकसान होतं ते इथेच. आमच्याकडे माल दोन प्रकारे येतो : संस्थेने विकत घेतलेला, आणि कारागिराने विक्रीसाठी ठेवलेला. दोन्हींची वही वेगळी. ठेवलेल्या मालाची पावती तीन प्रतींत : एक कारागिराला, एक मालासोबत, एक फाइलला. पावतीवर नगांची संख्या, कारागिराने सांगितलेली किंमत आणि ‘विक्री झाल्यापासून 15 दिवसांत पैसे’ हे वाक्य छापलेलं आहे. किमतीतले 80 टक्के कारागिराचे, 20 संस्थेचे.

दशावतारी गंजिफाच्या संचात 120 पानं असतात. दहा अवतार, प्रत्येकी बारा : राजा, वजीर आणि एक्का ते दहा. संच आला की पाटावर मलमलीचं फडकं पसरायचं आणि दहा ढीग लावायचे : मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. ढीग बाराचा भरला की बाजूला. राजा आणि वजीर पटकन ओळखू येतात. घोळ होतो तो आठ-नऊच्या पानांत, चिन्हं बारीक आणि दाट असल्यामुळे. बोटाने न मोजता काडीने मोजा, बोटाचा घाम रोगणावर उमटतो. एक पान कमी असेल तर तो संच नाही, आणि ते पान कारागिराला त्याच रंगात, त्याच हाताने पुन्हा करावं लागतं. म्हणून मोजणी कारागिरासमोरच करायची आणि दोघांनी सही करायची. प्रदर्शनाला नेताना आणि परत आणताना पुन्हा हीच मोजणी. कंटाळा येतो, पण सोडायची नाही.

पावसाळ्यात पानं वाकतात. जून ते सप्टेंबर आम्ही संच दोन सपाट फळ्यांमध्ये बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. लाखकाम केलेल्या खेळण्यांना वर्तमानपत्र गुंडाळू नका, उन्हात गाडी तापली की शाई लाखेवर उठते. खेळण्याला चीर गेली तर बहुधा लाकूड ओलं असताना कातलेलं असतं. तेव्हा कारागिराला बोल लावण्याआधी विचारा की घाईची ऑर्डर कोणी दिली होती. बहुतेक वेळा ती आपणच दिलेली असते.

विक्रीचा आणखी एक धागा कराचा. सर्वसाधारण लोकोपयोगी हेतूखाली नोंदलेल्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेली तर त्या वर्षी करसवलत धोक्यात येते. ठेवलेल्या मालाचं बिल संस्थेच्या नावाने फाडलं की पूर्ण रक्कम संस्थेची जमा दिसते. बिल कारागिराच्या नावाने आणि संस्थेची जमा फक्त आपल्या हिश्शाची, अशी मांडणी ऑडिटरशी बोलून एप्रिलमध्येच ठरवा, मार्चमध्ये नाही. हिशेब 31 मार्चला बंद, लेखापरीक्षण 30 सप्टेंबरच्या आत. रोख देणगी 2,000 रुपयांवर असेल तर देणाऱ्याला 80-जी ची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधी त्याला सांगा.

कारागिरांच्या योजनांचे अर्जही आमच्याकडेच येतात. पीएम विश्वकर्मा ही केंद्र सरकारची कारागिरांसाठीची योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. 18 व्यवसायांत बाहुल्या-खेळणी करणारे आणि सुतार आहेत, पण गंजिफा रंगवणारा चित्रकार कशातच बसत नाही. त्याला खोट्या व्यवसायात बसवू नका, पडताळणीत अर्ज पडतो. त्याच्यासाठी हस्तकला विकास आयुक्तालयाचं पहचान कार्ड, म्हणजे कारागिराचं ओळखपत्र, काढा. विश्वकर्मात कुटुंबातून एकच अर्ज चालतो, पण कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. एका घरात राहणारे दोन लग्न झालेले भाऊ वेगवेगळा अर्ज करू शकतात. हे न कळल्याने धाकट्या भावांचे अर्ज भरायचेच राहून जातात. अर्ज भरायच्या केंद्रावर जाण्याआधी आधारला मोबाइल जोडलेला आहे का आणि तोच नंबर हातात आहे का, एवढं पाहा. 15,000 रुपयांचं अवजार व्हाउचर मिळाल्यावर काय घ्यायचं ते कारागीर ठरवेल.

आमचे तिन्ही चेंज रिपोर्ट आता दप्तरी लागले आहेत. पुढची निवडणूक 2028 ला. तिच्या नोटिशीचा कच्चा मसुदा, चालू सभासद यादी आणि कोऱ्या संमतीपत्रांचे नऊ नमुने हिरव्या फाइलमध्ये घालून ठेवलेत, आणि ती फाइल सचिवांच्या घरी नाही, संस्थेच्या कपाटात आहे.