कुंग्सलेडनची वाट आणि स्पिरीट स्टोव्हचा स्टँड

स्वीडनच्या पार उत्तरेला, अबिस्कोला रेल्वेतून उतरलं की कुंग्सलेडनची पायवाट सुरू होते. दक्षिणेला हेमावानपर्यंत ती सुमारे ४४० किमी जाते. आम्ही चाललो तो अबिस्को ते निक्कालुओक्ता हा १०५ किमीचा, सगळ्यांत वर्दळीचा तुकडा. तिथल्या डोंगरांचे फोटो कुठेही मिळतील. इथे लिहायचंय ते रोज सकाळ-संध्याकाळ ज्याच्यावर जेवण अवलंबून असतं त्या वस्तूबद्दल: स्पिरीट स्टोव्हवर पातेलं ज्याच्यावर टेकतं तो स्टँड. खरेदी करताना लोक बर्नरचं वजन ग्रॅमपर्यंत विचारतात आणि स्टँड मात्र सोबत येईल तो घेतात. आम्ही हे उलटं करावं असं सांगू.

स्पिरीट स्टोव्ह इथलाच. ट्रांगिया ही कंपनी १९२५ साली येम्टलांड प्रांतात सुरू झाली आणि वाऱ्यात चालणारा तिचा प्रसिद्ध संच १९५१ सालचा. त्यामुळे स्टोव्हचं स्पिरीट इथे सहज मिळतं. विमानात ते ना केबिनमध्ये चालतं ना चेक-इनमध्ये, म्हणून किरुना या जवळच्या शहरात किंवा अबिस्कोत घ्यायचं. वाटेवरच्या काही हटमध्ये (मुक्कामाच्या घरांत) दुकान असतं, सगळ्यांत नाही. चेक्चा आणि सिंगी या हटमध्ये ते धरून चालू नये. आडोसा चांगला असेल तर एक लिटर गार पाणी उकळायला ३० ते ४० मिली स्पिरीट लागतं. आडोसा नसेल तर दुप्पट जाळूनही पाणी नुसतं कोमट होतं.

अबिस्को ते अबिस्कोयाउरे हट हे पहिले १५ किमी बर्चच्या झाडीतून आणि राष्ट्रीय उद्यानातून जातात. तंबू नेमून दिलेल्या जागीच लावायचा. झाडीमुळे वारा कमी, जमीन मऊ, आणि इथे कुठलाही स्टँड चांगलाच वाटतो. तंबूच्या तीन खुंट्या बर्नरभोवती रोवून त्यावर भांडं ठेवणारे बरेच दिसतात. वजन वाचतं, कारण खुंट्या तशाही सोबत असतातच. पण खुंट्या स्टीलच्या किंवा टायटॅनियमच्या हव्यात. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. ज्वाळेत सापडलेली खुंटी पाणी उकळायच्या आत वाकू शकते. शिवाय तिन्ही खुंट्यांची डोकी एका पातळीत आणायला वेळ जातो, आणि पुढे खडकाळ भागात त्या रोवताच येत नाहीत. आमच्या मते हा अडीअडचणीचा उपाय आहे, रोजचा नाही.

वाटेत दलदलीवर लाकडी फळ्या टाकलेल्या आहेत. सपाट असल्याने स्टोव्ह मांडायचा मोह होतो, तो टाळावा. सांडलेलं स्पिरीट फळीच्या फटीतून खाली जातं आणि दिवसाउजेडी त्याची ज्वाळा डोळ्याला दिसतच नाही. मऊ, पीटच्या (कुजलेल्या शेवाळाच्या) जमिनीवर स्टोव्हखाली १५ सेंमी चौरस, अर्धा मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवावा. पाय रुतत नाहीत आणि खालचं शेवाळ धुमसत नाही.

आता उंची. बर्नरच्या तोंडापासून पातेल्याच्या बुडापर्यंत ३ सेंमी अंतर धरा, २.५ ते ४ चालतं. त्याहून जवळ आणलं तर ज्वाळेला हवा पुरत नाही, जळण अर्धवट होतं, डोळे चुरचुरतात, बूड काळं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. लांब नेलं तर वारा मधेच ज्वाळा पळवतो. ट्रांगियाचा पितळी बर्नर सुमारे साडेचार सेंमी उंच आणि साडेसात सेंमी रुंद, म्हणजे स्टँड साडेसात सेंमी उंच हवा. डब्याच्या पत्र्याचा घरगुती बर्नर बुटका असतो. त्याला ट्रांगियाच्या मापाचा स्टँड लावला की स्पिरीट वाया जातं. बर्नर आधी, स्टँड त्याच्या मापाने.

अबिस्कोयाउरेहून आलेसयाउरे २० किमी. झाडी संपते, लांबलचक तळ्याच्या कडेने मोकळं खोरं लागतं आणि खोऱ्यातून वारा सरळ येतो. इथून स्टँडची खरी परीक्षा.

समजा तेरा सेंमी रुंदीच्या पातेल्यात एक लिटर पाणी आहे. पाण्याची खोली साडेसात सेंमी, म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य बुडापासून पावणेचार सेंमीवर. स्टँडची उंची मिळवली की जमिनीपासून सव्वाअकरा सेंमी. स्टँडचे पाय मध्यापासून ५ सेंमीवर टेकलेत असं धरू. पाय तीन असतील तर दोन पायांना जोडणारी रेघ मध्यापासून फक्त अडीच सेंमीवर येते, आणि पातेलं कलंडतं ते त्या रेघेवरून. चार पायांना हेच अंतर साडेतीन सेंमी होतं, अखंड कड्याला पूर्ण पाच. कलंडण्याचा कोन अनुक्रमे साधारण १२, १७ आणि २४ अंश. एकाच घेराचे तीन स्टँड, आणि एवढा फरक.

खिचडी ढवळताना काय होतं तेही बघा. पाण्यासकट पातेलं सव्वा किलोच्या आसपास. काठ जमिनीपासून साडेसोळा सेंमीवर. तीन पायांच्या त्या स्टँडवर चमच्याने काठाला दोनशे ग्रॅमहूनही कमी आडवा रेटा बसला तरी पातेलं उचकटतं. बुडाला लागलेला भात खरवडताना याहून जास्त जोर सहज लागतो. गिर्यारोहणाच्या दुकानातले बहुतेक हलके स्टँड ‘पाणी उकळा, पाकिटात ओता’ या स्वयंपाकासाठी केलेले असतात. आपण पोहे परततो, उपमा ढवळतो, खिचडी शिजवतो. आपल्याला पाय फाकलेले हवेत.

तीन पायांचा एक फायदा मात्र चुलीच्या तीन दगडांसारखा पक्का आहे: खडबडीत जमिनीवर ते कधी डुगडुगत नाहीत. चार पायांतला एक नेहमी अधांतरी राहतो. म्हणून तीनच पाय घ्यायचे तर ते जमिनीवर मध्यापासून किमान ८ सेंमी लांब टेकायला हवेत. मग कलंडायची रेघ ४ सेंमीवर जाते. एकमेकांत अडकणाऱ्या दोन पत्र्यांचा फुलीचा स्टँड सपाट जागी छान बसतो. बिजागरीने दुमडणाऱ्या तीन पत्र्यांच्या त्रिकोणी स्टँडला बर्नरपुरताच घेर असतो. त्यावर मोठं पातेलं ठेवायचं धाडस करू नये.

चेक्चा हट आलेसयाउरेपासून १३ किमी. तिच्या पुढे चढून गेलं की सुमारे ११५० मीटरवरची चेक्चा खिंड येते, संपूर्ण कुंग्सलेडनवरची सर्वांत उंच जागा. सगळीकडे सुटे दगड. उन्हाळ्यातही बर्फाचे पट्टे राहतात. खिंडीत एक आसऱ्याची खोली आहे, पण चहा प्यायचा म्हणून बंद जागेत स्पिरीट पेटवणं बरं नाही. दगडांचा आडोसा बघावा. इथे जाळीचं कडं आणि शंकू या दोन प्रकारांतला फरक कळतो.

जाळीचं कडं घरी करता येतं. साडेबारा मिमी चौकोनांची, एक मिमीहून जाड तारेची स्टेनलेस जाळी घ्या. सहा चौकोन उंच आणि सत्तावीस चौकोन लांब, म्हणजे साडेसात सेंमी बाय जवळपास चौतीस सेंमीची पट्टी कापा. दोन चौकोन एकमेकांवर घेऊन तीन ठिकाणी बारीक स्टेनलेस तारेने बांधा. दहा सेंमी व्यासाचं कडं तयार होतं. कापलेल्या तारांची टोकं कानशीने घासा, नाहीतर सॅक फाटते. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त पडते पण घेऊ नका; जस्त ४१९ अंशाला वितळतं आणि तापलेल्या मुलाम्याचा धूर छातीत जाणं वाईट. एकट्याने जाणाऱ्याला आणि फक्त पाणी उकळणाऱ्याला हे कडं पुरतं. त्याचा दोष एवढाच की जाळी वारा अडवत नाही, आणि आडोशाचा पत्रा वेगळा उभा करावा लागतो. तो फार जवळ, बर्नरला चिकटून लावला तर बर्नर जास्त तापतो, स्पिरीट आतल्या आत उकळतं आणि ज्वाळा पातेल्याच्या वर येते. पातेल्यापासून एक ते दीड सेंमी लांब ठेवावा, खाली हवेला भोकं असावीत.

शंकूमध्ये हे दोन्ही एकत्र आहे. पत्र्याचा निमुळता शंकू, पातेलं त्यात काठापासून लटकतं, बूड आत बर्नरच्या वर राहतं. जमिनीवरचा घेर पातेल्याहून मोठा, म्हणून वरून धक्का लागला तरी सहज ढळत नाही, आणि आडोसाही तोच. मर्यादा ही की शंकू एका ठरावीक पातेल्यासाठीच कापलेला असतो. व्यास पाच मिमीने बदलला तरी पातेलं आत घसरतं किंवा वर तरंगतं. आपलं काठ असलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं याला फार छान बसतं. काठाच्या खालचा घेर दोऱ्याने मोजून त्यावर शंकू कापावा.

ट्रांगियाचा संच याच विचाराचा थोरला भाऊ. भोकं पाडलेलं खालचं कवच, त्यावर वरचं कवच, आत दुमडणारे तीन आधार. भोकं वाऱ्याच्या दिशेला फिरवली की वारा उलट जाळाला मदत करतो. दोघांसाठी २७ नंबर, पाऊण किलोच्या आसपास. तीन-चार जणांसाठी २५ नंबर. वजन आहे खरं. पण खिंडीतल्या वाऱ्यात हा संच निवांत जळतो, आणि दोघांत रोज स्वयंपाक करायचा असेल तर आमची पहिली पसंती यालाच. त्याची पातेली बिनदांड्याची असतात, उचलायला वेगळी पकड मिळते. आपल्या सांडशीचीच पद्धत. दांडा नसणं हाही स्थिरतेचाच भाग आहे: लांब दांड्याच्या हलक्या भांड्यात पाणी कमी झालं की दांड्याचं वजन त्याला एका बाजूला ओढतं. दांड्याचं भांडं वापरायचंच असेल तर दांडा एका पायाच्या बरोबर वर आणावा, दोन पायांच्या मधे नाही.

चेक्चाहून सेल्का १२ किमी, तिथून सिंगी आणखी १२. रुंद खोरं, हिरवळ, पाणी भरपूर. मुक्कामाला सपाट दगड मिळतात, पण ओढ्यातून काढलेला ओला दगड स्टोव्हखाली घेऊ नये. आत मुरलेलं पाणी तापून दगड तडकू शकतो. स्टँड ठेवल्यावर आधी पाणी भरलेलं पातेलं ठेवून एका बोटाने काठाला हलकं ढकलून पाहावं, पायाखाली लागतील तिथे चपट्या कपच्या सरकवाव्यात, आणि मगच बर्नर पेटवावा. पेटल्यावर स्टँड सरकवणं हा भाजण्याचा हमखास मार्ग. जळत्या बर्नरमध्ये बाटलीतून स्पिरीट ओतणं त्याहून वाईट. ज्वाळा विझली असं वाटलं तरी थांबावं, वरून हात न धरता बाजूने ऊब तपासावी, बर्नर निवल्यावरच भरावा.

निघण्यापूर्वी घरी करायची चाचणी: ४० सेंमी लांबीचा पोळपाटासारखा सपाट पाट घ्या, एक टोक १० सेंमी उचला. हा साधारण साडेचौदा अंशांचा उतार. त्यावर स्टँड, थंड बर्नर आणि भरलेलं पातेलं उभं राहिलं पाहिजे. पाट गुळगुळीत असेल तर खाली ओलं फडकं घाला, नाहीतर कलंडण्याऐवजी घसरेल. मग अंगणात एकदा पूर्ण बर्नर जाळा आणि गार झाल्यावर स्टँड सपाट फरशीवर ठेवून पाहा. तारा किंवा पाय झुकलेले दिसले तर तो धातू पातळ आहे.

सिंगीहून केबनेकाइसे माउंटन स्टेशन (रेल्वेचं नव्हे, डोंगरातलं मुक्कामाचं ठिकाण) १४ किमी आणि निक्कालुओक्ता त्यापुढे १९. तिथून किरुनाची बस. उरलेलं स्पिरीट जमिनीवर ओतू नये. केबनेकाइसेला पुढे जाणारं कुणीतरी ते आनंदाने घेतं. बर्नरचं झाकण गरम असताना लावलं तर आतली रबरी कडी वितळते, म्हणून निवू द्यावं. परतीच्या विमानासाठी बर्नर रिकामा करून, पाण्याने धुऊन, वास जाईपर्यंत उघडा वाळवावा. वापरलेला स्टोव्ह काही विमान कंपन्या घेतच नाहीत, तेव्हा तिकीट काढतानाच विचारून ठेवावं. स्टँडवरची काजळी कपड्यांना लागते; तो जुन्या कापडी पिशवीत घालून पातेल्याच्या आत बसवला की जागाही वाचते आणि पायही वाकत नाहीत.