मुंबई–नागपूर, दीड तास

दिवाळीसाठी नागपूरचे तिकीट शोधत असताना एका दुपारी लक्षात आले की, एका विमानाला दीड तास लागतो आणि दुसऱ्याला त्याहून दहा मिनिटे अधिक. दुपारनंतर नागपूर मुंबईपासून दूर सरकत असेल, असे वाटत नाही. सरळ रेषेत हे अंतर सातशे किलोमीटरही भरत नाही. वर पोहोचल्यावर ताशी आठशेच्या पुढे धावणाऱ्या विमानाला ते फार नव्हे. उरलेला वेळ बहुतांशी जमिनीवर जातो. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जाऊन थांबेपर्यंतचा सारा काळ वेळापत्रकात धरलेला असतो, आणि मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. हिवाळ्यात परतताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, तो निराळा.

लहानपणी हेच अंतर रेल्वेच्या 837 किलोमीटरांचे होते आणि ते विदर्भ एक्सप्रेसने रात्रभरात कापले जाई. कसाऱ्याला गाडी घाटावर ढकलण्यासाठी मागे जादा इंजिने जोडत. इगतपुरीला पुढचे इंजिन बदलत, कारण मुंबईकडची वीज एका प्रकारची आणि पुढची दुसऱ्या. वडील हे मला दरवेळी नव्याने समजावून सांगत आणि मी दरवेळी नव्याने ऐकत असे. भुसावळला ते फिरकीचा तांब्या घेऊन पाण्यासाठी उतरत. ते परत डब्यात चढेपर्यंत आईचा जीव खिडकीच्या गजांत अडकलेला असे, आणि फलाटावर केळीवाल्यांचा पुकारा चाललेला असे. शेगावची कचोरी अंधारातच हाती येई. वर्धा मागे पडले की आई आम्हा मुलांचे केस विंचरायला घेई, कारण विस्कटलेल्या केसांनी आजोळी उतरणे तिला मान्य नव्हते.

विमानांशी नागपूरचे नाते मात्र माझ्या आठवणींहून जुने आहे. 1949 पासून कित्येक वर्षे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत आणि पिशव्यांची व प्रवाशांची अदलाबदल करून आपापल्या शहरी परतत. रात्री टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचे, ते गाव मध्यावर असल्यामुळे. नागपूरकर हे सांगताना आवाज किंचित चढवतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे.

आता 701 किलोमीटरांचा समृद्धी महामार्गही 2025 साली पूर्ण झाला. घरून विमानतळ गाठणे, तिथे आधी जाऊन बसणे, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे, हे सारे धरले तर मोटार फार मागे राहत नाही, असा हिशेब आमचे भाऊजी प्रत्येक लग्नकार्यात मांडतात. मोटार चालवण्याचे कष्ट त्या हिशेबात कधी येत नाहीत, कारण ती त्यांचा मुलगा चालवतो.

नागपूरच्या काकूला या आकड्यांशी काही देणेघेणे नाही. निघताना ती अजूनही दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि सकाळसाठी वेगळे लाडू असा दोन वेळचा डबा हाती देते. दीड तासाचाच प्रवास आहे, असे मी म्हणतो; त्यावर ती दशम्या आणखी दोन वाढवते, कारण विमानात काही मिळत नाही, असे तिने ऐकले आहे.