ते आरारोआ: राकाया आणि रांगिताताला वळसाच घाला

न्यूझीलंडची ही ३००० किलोमीटरची वाट केप रिएंगापासून ब्लफपर्यंत सलग आहे असं समजून निघू नका. दक्षिण बेटावर ती नद्यांमुळे दोन ठिकाणी चक्क तुटते. राकाया आणि रांगिताता या नद्यांची पात्रं अधिकृत वाटेत धरलेलीच नाहीत. एका काठाला वाट संपते, समोरच्या काठाला पुन्हा सुरू होते, मधलं तुमचं तुम्ही बघायचं.

राकायाबद्दल चर्चाच नको. सरासरी प्रवाह सेकंदाला साधारण २०० घनमीटर, म्हणजे आपल्या धरणांच्या भाषेत सात हजार क्युसेक. उत्तर काठाकडच्या लेक कोलरिजहून गाडीने मेथव्हेन गाव गाठा, तिथे किराणा भरा आणि दक्षिण काठाला ग्लेनरॉकपाशी उतरा.

फसगत होते ती रांगितातावर. पाणी साधारण निम्मं, रुंद गोट्यांच्या पात्रात अनेक धारांत फुटलेलं. त्यात ॲपवर कुणीतरी लिहून ठेवतो, "गुडघ्याएवढंच आहे, बिनधास्त जा." ते कालचं पाणी! वायव्येचा वारा सुटला की सदर्न आल्प्सच्या मुख्य रांगेवर पाऊस धो धो कोसळतो आणि उत्तर काठाला, जिथे वाट संपते त्या पॉट्स नदीच्या पार्किंगवर, लख्ख ऊन असतं. क्लोंडाइकचं प्रवाह मोजणारं केंद्र घळीच्या खाली आहे, त्यामुळे वर लोंढा आला तरी आकडा उशिरा चढतो. शिवाय दर पुरानंतर धारा जागा बदलतात. जुना जीपीएस ट्रॅक इथे कचऱ्यात टाका.

तरीही उतरणार असाल तर आठवडाभर कोरडं हवामान हवं, निघायचं पहाटे. हिमनद्यांचं पाणी दुधाळ असतं, तळ दिसत नाही. काठी टाकून बघा: ती तुमच्या चालीपेक्षा वेगात वाहिली, किंवा तळातून धोंडे गडगडल्याचा आवाज आला, की मागे फिरा. धार जिथे सर्वांत जास्त पसरलीय तिथूनच घुसा, तिरकं खालच्या अंगाला चाला. सॅकचा छातीचा पट्टा सोडलेला, बूट पायात. गटाने एका ओळीत, शेजाऱ्याची पाठ आणि सॅक यांच्यामधून हात घालून त्याचा पट्टा धरायचा. सर्वांत दणकट माणूस प्रवाहाच्या वरच्या टोकाला. दोर बांधायची आपली सह्याद्रीतली सवय इथे विसरा. घसरलेला माणूस दोराला अडकून पाण्याखालीच दाबला जातो. एकटे असाल तर उतरूच नका.

वळसा असा: पॉट्सहून माउंट सोमर्स, पील फॉरेस्ट, आणि तिथून रांगिताता गॉर्ज रस्त्याने मेसोपोटेमिया, म्हणजे दक्षिण काठावरचा मेंढ्यांचा मळा. पहिल्या टप्प्यात माउंट संडे ही टेकडी बघायला आलेल्यांकडून लिफ्ट मिळते. गॉर्जचा रस्ता पुढे कुठेच जात नाही, त्यावर चिटपाखरू नसतं. गाडी आधीच ठरवा. भाडं अख्ख्या गाडीचं की माणशी, हे मेसेजवर लिहून घ्या. आमच्या गाडीवाल्याने गाडीचा म्हणून सांगितलेला दर उतरताना प्रत्येकाकडून वसूल केला. पॉट्सपाशी फोनला रेंज नाही, म्हणून हे सगळं मेथव्हेनलाच उरका.

आणि पलीकडे उतरलात म्हणून सुटलात असं नाही. क्रुकेड स्पर हट या मुक्कामाच्या झोपडीपर्यंत बुश स्ट्रीम हा ओढा अनेकदा ओलांडावा लागतो, पावसानंतर तोही माणूस वाहून नेतो. पाणी गढूळ दिसलं तर काठावरच तंबू ठोका. दोन दिवसांचा जादा शिधा घ्यायचा तो त्यासाठीच.