चिआंग माईतले चिनी आपल्यातच का राहतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "इतकी वर्षं उत्तर थायलंडमधल्या या शहरात राहून ही चिनी कुटुंबं शेजाऱ्यांत मिसळत का नाहीत?" हा प्रश्न मला कायम तक्रारीच्याच सुरात ऐकू येतो.

पूर्वी मी भाषेचं कारण द्यायचे. आता ते मलाच पटत नाही. भाषा शिकता येते, पण पुढच्या वर्षी इथे असू की नाही हेच ठाऊक नसेल तर ती शिकायला उभारी कुठून येणार?

यातल्या बऱ्याच घरांत मुलाला इथल्या आंतरराष्ट्रीय शाळेत घालून आई सोबत राहते, वडील बहुधा चीनमध्येच कमावतात. तिला पालक म्हणून व्हिसा मिळतो, एका मुलामागे एकालाच. तिच्या नावावर थाई बँकेत ५ लाख बात (थाई चलन) लागतात, मुदतवाढ दरवर्षी, पत्त्याची नोंद दर ९० दिवसांनी. मुलाचं शाळेतलं नाव कमी झालं की त्या व्हिसाचा आधारच जातो.

आता ज्याला तुम्ही कोंडाळं म्हणता ते बघा. वीचॅट म्हणजे चिनी लोकांचं व्हॉट्सॲपसारखं ॲप. त्याच्या गटात जास्तीत जास्त ५०० माणसं मावतात. २०० च्या वर गेलं की क्यूआर कोड चालत नाही, आतल्या कुणीतरी बोलवावं लागतं. म्हणजे ओळख आधी, प्रवेश नंतर. वर्गाच्या गटात बाई स्वतःच्या नावानं नसतेच, ती 'अमक्याची आई' असते. मुलानं शाळा बदलली की तिला गटातून काढतात. त्यात वाईटपणा कुणाचाच नसतो, यादी मुलांचीच असते. पण जिला वेगळी मैत्रीण म्हणून जोडून घेतलेलं नसतं, तिचा नंबरही हाती उरत नाही. डॉक्टर, घरमालक, पाण्याची मोटर दुरुस्त करणारा, सगळं गटातच विचारलेलं. जुनं संभाषण फक्त फोनमध्ये असतं. फोन बदलताना ते हलवायचं राहिलं तर तेही गेलं. आपल्या मंडळांना निदान घटना असते, कार्यवाह असतो, वर्गणीची वही असते. इथे तीन-चार वर्षांचा शेजार एका बोटानं पुसला जातो, आणि ती बाई नव्या शाळेच्या गटात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

तरी मी त्यांची सगळीच बाजू घेणार नाही. गटात एकाच दलालाचं नाव फिरत राहतं, भाडं चढं लागतं, आणि भिंतीपलीकडच्या थाई काकूंना विचारायचं कुणाला सुचत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल रानं आणि शेतं जळतात, धूर शहरावर बसतो. ज्यांना परवडतं ती कुटुंबं तेवढे आठवडे दक्षिणेला किंवा चीनला जातात. काकू तिथेच खोकत असतात.