कप्प्यांचा जिना

फर्निचरच्या दुकानात गेलं की मी सगळ्यात आधी छताकडे बघते. नवरा किमतीच्या चिठ्ठ्या उलट्यापालट्या करत असतो, लेक रेसिंग कारच्या आकाराच्या लालभडक पलंगात जाऊन बसलेली असते आणि मी आपली मान वर करून उभी. परवा दुपारी तिथला सेल्समन बिचारा घाबरून विचारायला आला, "मॅडम, गळतंय का कुठे?"

पंखा शोधतेय, म्हटलं.

पंखा नव्हताच. दुकानात एसी. म्हणूनच तर तो बंक बेड तिथे इतका निर्धास्त दिसत होता. शिडी काय, खाली अभ्यासाचं टेबल काय, चादरीवर चांदण्या काय! आमच्या घरी मात्र खोलीच्या बरोबर मधोमध पंखा गरगरतो, आणि खोली अशी की पलंग कुठेही सरकवला तरी पंख्याच्या टप्प्यातच. वर झोपलेलं पोर सकाळी उठणार, उभं राहून आळस देणार, हात वर करणार... पुढचं मी बोलले नाही, पण नवऱ्याने हातातली चिठ्ठी सोडली.

मी कठड्याच्या फटीतून मूठही घालून बघते. सहज आरपार गेली तर पलंग बाद. लहान मुलाचं अंग फटीतून निसटतं आणि डोकं अडकतं, म्हणून अमेरिकेतल्या नियमात वरच्या पलंगाच्या कठड्याची फट साडेतीन इंचांहून मोठी चालत नाही. कठडा गादीच्या वर निदान 5 इंच हवा आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका, हा इशारा पलंगावरच हवा. आता दुकानातली गादी असते पापडासारखी. आपण घरी काय घालणार? कापसाची गादी, तिच्यावर आजीची गोधडी, पाहुणे येऊन गेले असतील तर त्यांचीही गादी तिथेच. कठडा उरला बोटभर. सेल्समनला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, गुलाबीमध्येपण आहे."

आजोळी, वाईला, मुलांसाठी म्हणून एकही लाकडी वस्तू नव्हती. रात्री माजघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या पडायच्या आणि मे महिन्यात आलेली सगळी भावंडं त्यांवर आडवीतिडवी. पडून पडून पडणार कुठे, तर शेजारच्याच्या अंगावर. सकाळी गाद्यांची चळत घडवंचीवर. ती घडवंची मला अजून लख्ख आठवते. चारी पाय खाली बाहेरच्या बाजूला फाकलेले, कडा वापरून वापरून गुळगुळीत, एका पायाखाली नारळाच्या करवंटीचा तुकडा. आम्ही चळतीच्या टोकाला चढून छताची तुळई शिवायचो. गाद्या घसरायच्या, आम्ही गाद्यांसकट खाली यायचो, घडवंची जागची हलायची नाही. करणाऱ्या सुताराने पोरांचा विचार केला होता की नुसत्या गाद्यांचा, कोण जाणे.

पेटाऱ्याचा विचार मात्र आजीने केला होता. माजघराच्या कोपऱ्यात सागवानी पेटारा होता, आत पितळी भांडी आणि लग्नकार्यातल्या साड्या. लपाछपीला त्याच्यासारखी जागा नाही. शाळांना सुट्ट्या लागल्या की आजी पहिलं काम काय करायची, तर त्याचा कोयंडा पेचकसाने काढून देवघरातल्या खुंटीला अडकवून ठेवायची. झाकणाच्या कडेला लाकडाचा ठोकळाही ठोकून ठेवलेला, म्हणजे ते पूर्ण बसायचंच नाही, फट राहायची. आजोबा कुरकुरायचे. "चोर आला म्हणजे?"

"नेईल पातेली," आजी म्हणायची. "पोर आत राहिलं म्हणजे?"

आजीला माहीत असायचं कारण नाही, पण अमेरिकेत हाच हिशेब मांडून 1956 साली कायदा केला गेला. तेव्हाच्या फ्रिजना बाहेरून खटका असायचा. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये मुलं लपायला जायची, दार बसायचं आणि ते आतून उघडायचं नाही. कायद्याने सांगितलं, आतून ढकललं की दार उघडलंच पाहिजे. 1958 पासून तसेच फ्रिज आले. आपल्या फ्रिजचं दार लोहचुंबकाने बसतं त्यामागे ही गोष्ट आहे.

तेव्हापासून (म्हणजे हे वाचल्यापासून) हायड्रॉलिकच्या पलंगाशी माझं जमत नाही. पुण्यात दोन खोल्यांच्या घरात त्याच्यासारखी सोय नाही हे मान्य. चार रजया, पाहुण्यांच्या गाद्या, न वापरलेला डिनर सेट, सगळं पोटात घेतो. पण झाकण गादीसकट खाली आलं की ते आतून उचलणं पाच वर्षांच्या मुलाच्या हातचं नाही. नवरा म्हणतो, "ती कशाला जाईल आत?" त्याला आजोळ नसावं.

पाळण्याचा प्रश्न निदान मिटलाय, लेक मोठी झाली. सासरहून पिढीजात पाळणा आला होता, दर बारशाला एक नवा हात मारलेला. लाल, मग हिरवा, मग परत लाल. दात येणारं मूल कठडा कुरतडतं आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त शिसं नको हा नियम लागू झाला 2017 च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या बारशांचं काय? पाळण्यात सध्या बटाटे-कांदे असतात. सासूबाई काही बोलत नाहीत, पण कांदे काढताना जरा आवाज करतात.

तर शेवटी आम्ही घेतला साधा, बुटका पलंग. पंखा लांब, पडली तरी जमीन जवळ. सोबत कपड्यांसाठी पाच कप्प्यांचं ड्रॉवरवालं कपाट. जोडायला आलेल्या माणसाने खोक्यातून एक पट्टी आणि दोन स्क्रू काढून विचारलं, "ताई, हे जादा आलंय. टाकू का?"

जादा नव्हतं. कपाट भिंतीला जखडायची पट्टी होती ती. मोठ्यांना कपाटात कपाट दिसतं, मुलांना जिना. खालचा कप्पा ओढला की पहिली पायरी, त्याच्या वरचा ओढला की दुसरी. सगळं वजन पुढे येतं आणि जिना चढणाऱ्यासकट पालथा होतो. 2016 साली आयकिया ह्या फर्निचर कंपनीने एकट्या अमेरिकेत सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली ती ह्याच कारणाने. मुलं गेली होती त्यांच्याखाली. तिथे 2022 च्या डिसेंबरात कायदा झाला. कपाटाच्या चाचणीत 60 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण 27 किलोंच्या मुलाचा भार धरला पाहिजे, असं त्यात आहे. मुलं चढणार, हे कायद्याने धरूनच चाललंय. आमची लेक संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पायरीवर होती. वर ठेवलेला टेडी हवा होता.

पट्टी लावायची तर भिंतीला भोकं पाडायला हवीत आणि घर भाड्याचं. अकरा महिन्यांच्या करारात लिहिलंय, भिंतींना खिळे ठोकू नयेत. घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, "कॅलेंडरसाठी दिलाय की एक खिळा. त्याला बांधा."

कॅलेंडरच्या खिळ्याला कपाट बांधायचं!

"काका," मी म्हटलं, "कॅलेंडरवर कुणी चढत नाही."

ते हसले. मग म्हणाले, मुलाशी बोलून कळवतो. मुलगा न्यू जर्सीत, तिथे आत्ता पहाट. कळेल तेव्हा कळेल. ड्रिलवाला उद्या सकाळी दहाला येतोय. डिपॉझिटमधून काय कापायचं ते कापू देत.